बाण केव्हा बाजूस ठेवावा
(केंद्राच्या शिक्षण परिषदेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



वाचन, गणित आणि पटनोंदणी या विषयांवर सकाळपासून चर्चा झाल्यावर धनुष्यबाणाविषयी बोलण्यास मला उभे करण्यात आले, याचे आपणांपैकी काहींस नवल वाटले असेल. परंतु धनुर्विद्या हा आता केवळ पुराणातला किंवा दसऱ्याच्या सोंगांतला विषय राहिलेला नाही. शालेय क्रीडास्पर्धांत तिला स्थान आहे. तिच्या ‘इंडियन राऊंड’ या प्रकारात धनुष्य आणि बाण बांबूचेच असल्यामुळे खेड्यातील शाळेसही हा खेळ आवाक्याबाहेरचा वाटत नाही. आपल्या वाशीम जिल्ह्याच्या शेजारीच बुलढाणा आहे. तेथील प्रथमेश जावकर याने मे २०२३ मध्ये शांघाय येथील विश्वचषक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात जगातील अग्रगण्य नेमबाजास हरविले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिन येथे सातारा जिल्ह्यातील अदिती स्वामी ही शिक्षकाच्या घरातील मुलगी अवघ्या सतराव्या वर्षी विश्वविजेती झाली आणि नागपूरच्या ओजस देवतळे यानेही तेथेच सुवर्णपदक मिळविले. फलटण तालुक्यातील सरडे गावचे प्रवीण जाधव हे तर मजूर आईबापांचे पुत्र. जिल्हा परिषदेच्या शाळेतील एका शिक्षकाने त्यांस खेळाच्या वाटेवर आणले. पुढे अमरावतीच्या क्रीडा प्रबोधिनीत धनुर्विद्या शिकून ते २०२१ मध्ये टोकियोच्या ऑलिंपिकपर्यंत पोहोचले. ही नावे मुलांच्या कानी जातात आणि मुले आपणांस विचारतात, “गुरुजी, आपल्या शाळेत धनुष्यबाण केव्हा आणायचे?”

तेव्हा धनुष्यबाण आपल्या शाळांतून येणार, काही शाळांतून आलेही आहेत. आणल्यानंतर त्यांचे काय करावे, यातील एका अगदी लहान भागाविषयी मी बोलणार आहे. बाण झिजतो. तो केव्हा बाजूस ठेवावा, एवढाच माझा विषय.

हा विषय मी पुस्तकातून निवडला नाही. काही वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत होतो, तेथे बांबूचे बारा बाण होते. एके दिवशी सातवीतला एक मुलगा मला म्हणाला, “गुरुजी, हा बाण कुरकुरते.” स्पर्धा चार दिवसांवर आली होती आणि बारांपैकी तीन बाण आधीच हरवले होते. मी म्हणालो, “एवढी स्पर्धा होऊ दे रे, मग पाहू.” त्याच दिवशी तो बाण दोरी सोडताक्षणी टोकाच्या मागे उभा चिरला आणि बांबूची बोटभर कूस मुलाच्या डाव्या हातात, अंगठ्याच्या मुळाशी शिरली. ग्रामीण रुग्णालयात ती काढावी लागली, टाके पडले. सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस होते. आईने तीन दिवसांची मजुरी बुडवून मुलापाशी बसून काढले. ती माऊली मला एका शब्दाने बोलली नाही. फक्त एकदा विचारले, “गुरुजी, बाण जुना व्हता काय?” या प्रश्नास माझ्यापाशी उत्तर नव्हते. मुलाने मला आधीच सांगितले होते, आणि मी ऐकले नव्हते.

बंधुभगिनींनो, आपण शिक्षक स्वभावतः काटकसरी. खडूचा तुकडा चिमटीत मावेनासा होईपर्यंत आपण लिहितो. फाटक्या नकाशास मागून कापड लावतो. चेंडू फाटला तर शिवून घेतो. ही काटकसर आपले भूषण आहे. परंतु तिला एक मर्यादा आहे. खडू संपला तर फळा कोरा राहतो, बाण संपला तर हात जातो. म्हणून खडूचा न्याय बाणास लावू नये.

बाण मुळात मोडतो का, हे आधी समजून घेऊ. दोरी सुटते तेव्हा जोर मागून लागतो. पुढील टोकाचे वजन मात्र जागचे हलण्यास क्षणभर विलंब करते. या दोहोंच्या मध्ये सापडलेली दांडी वाकते. एकदा एका बाजूस, एकदा दुसऱ्या बाजूस अशी लवत लवत ती धनुष्याला वळसा घालून पुढे जाते. आपल्या डोळ्यांस बाण सरळ गेलासा वाटतो. वेगवान छायाचित्रणात तो माशासारखा वळवळताना दिसतो. लक्ष्यात शिरताना तो एकदम थांबतो, तेव्हा त्याच्या टोकामागील भागास पुन्हा धक्का बसतो. आता हिशेब करा. सहा बाण घेऊन एक मूल दिवसास छत्तीस वेळा नेम मारते असे धरले, तर प्रत्येक बाण दिवसास सहा वेळा, आठवड्याच्या पाच दिवसांत तीस वेळा आणि महिन्यास सुमारे एकशेवीस वेळा असा वाकतो आणि आदळतो. एवढे सोसून बांबू थकला, तर त्यात त्याचा दोष नाही.

येथे कोणी विचारील, एक बाण किती महिने चालतो ते सांगा, म्हणजे आम्ही तारीख घालून बदलू. असा नियम नाही. एखादा बाण पहिल्याच दिवशी दगडावर आपटून निकामी होतो, तर एखादा नीट राखल्यास अनेक हंगाम सेवा देतो. बाणाचे वय मोजावयाचे नसते, त्याची स्थिती पाहावयाची असते. ती पाहण्याची रीत मी क्रमाने सांगतो. त्यास महागडे साधन लागत नाही. डोळा, कान आणि बोटे पुरेत.

पहिली परीक्षा दांडीची. बाण उजेडात धरून हळूहळू फिरवावा आणि त्यावरून बोटाऐवजी कापसाचा बोळा फिरवावा. जेथे कापसाचा तंतू अडकेल, तेथे चीर किंवा ढलपी आहे असे समजावे. टोकामागील दोन बोटे आणि खाचेपुढील दोन बोटे एवढी जागा विशेष लक्षपूर्वक पाहावी. बहुतेक बाण तेथेच दगा देतात. मग बाणाची दोन्ही टोके धरून, चेहऱ्यापासून दूर, तो अगदी हलका वाकवावा आणि फिरवून फिरवून सर्व बाजूंनी तसेच करावे. चर्र असा बारीक आवाज आला, तर तो बाण त्याच क्षणी निवृत्त झाला. हे काम शिक्षकाने स्वतः करावे, मुलांकडून करवू नये. बांबूवर बारीक छिद्रे दिसली आणि आपटल्यावर पिठासारखा भुसा गळला, तर आत भुंगा लागला आहे. असा बाण वरून कितीही गुळगुळीत दिसला, तरी आतून पोखरलेला असतो. त्याच्याशेजारी ठेवलेले बाणही तपासावेत.

काही शाळांस देणगीतून ॲल्युमिनियमचे किंवा कार्बनचे बाण मिळालेले असतील. ॲल्युमिनियमचा बाण वाकतो आणि त्यास पोचे पडतात. थोडा बाक जाणकार माणूस काढू शकतो. परंतु जेथे घडी पडली किंवा खोल पोचा आला, तो बाण गेला. कार्बनचा बाण सर्वांत फसवा. तो वाकून राहत नाही, एकदम फुटतो, आणि त्याच्या सुईसारख्या कुसा हातातून काढणे डॉक्टरांसही जड जाते. तो बाण टणक वस्तूवर आदळला किंवा दुसरा बाण त्यावर येऊन लागला, तर पुन्हा दोरीवर चढविण्यापूर्वी तो हलका वाकवून आणि पिळून आवाज ऐकलाच पाहिजे. शंका आली तर तेथे दुरुस्ती नाही. डिंक, चिकटपट्टी किंवा दोरा गुंडाळून कार्बनचा बाण वाचविण्याचा प्रयत्न कोणीही करू नये.

दुसरी परीक्षा सरळपणाची. अंगठा आणि मधले बोट यांची नखे एकत्र टेकवून त्यांच्या खोबणीत बाण ठेवावा आणि दुसऱ्या हाताने त्यास गिरकी द्यावी. सरळ बाण शांतपणे फिरतो, वाकडा बाण नखांवर थरथरतो. बांबू पावसाळ्यातील ओलीने वाकला असेल, तर मंद निखाऱ्यावर दुरून शेकून आणि हाताने दाबून तो सरळ करता येतो. सरळ केलेला बाण आठ दिवसांनी पुन्हा पाहावा. तो पुन्हा पूर्वपदावर येत असेल, तर त्याचा नाद सोडावा.

तिसरी परीक्षा मागील खाचेची, जिला खेळाडू ‘नॉक’ म्हणतात. ही वस्तू सर्वांत लहान आणि सर्वांत दुर्लक्षित. प्लॅस्टिकची खाच उन्हाने ठिसूळ होते, मागून दुसरा बाण लागल्यास तिला केसासारखा तडा जातो. दोरी सोडताना ती फुटली, तर दोरीचा सारा जोर बाणास न मिळता धनुष्यातच उलटतो आणि धनुष्य मोडण्याचा संभव असतो. खाच दोरीवर चढविली की बाण लोंबता राहिला पाहिजे आणि दोरीस टिचकी मारताच गळून पडला पाहिजे. आपोआप पडत असेल तर खाच सैल, टिचकीनेही सुटत नसेल तर घट्ट. दोन्ही वाईट. प्लॅस्टिकची खाच स्वस्त असते आणि सहज बदलता येते, म्हणून तिच्याबाबत विचार करीत बसू नये. बांबूतच कोरलेली खाच फाटली, तर मात्र सारा बाण बदलावा.

चौथी परीक्षा पिसांची. तीन पिसांपैकी एक अर्धे गेले, तरी बाण हवेत डोलू लागतो आणि भलतीकडे जातो. याहून महत्त्वाची गोष्ट ही की, सुटत आलेल्या पिसाचा पुढील कठीण कणा बाण सुटताना धनुष्य धरलेल्या हातास ओरखडतो, प्रसंगी रुततो. पीस नवे लावता येते. दांडी चांगली असेल, तर केवळ पिसासाठी बाण टाकू नये. लावल्यानंतर पिसाचा पुढील टोकाचा भाग दोऱ्याने बांधून वर डिंकाचा थेंब द्यावा.

पाचवी परीक्षा धातूच्या टोकाची. ते बोटांनी पिळून पाहावे. हलले तर लक्ष्यातून बाण उपटताना ते आत राहील, आणि तसाच हलका झालेला बाण मुलाने गडबडीत पुन्हा मारला, तर तो कोठे जाईल याचा नेम नाही. टोक पुन्हा चिकटविता येते, तथापि ते बसविण्याची लाकडाची जागाच चिरली असेल, तर चिकटविण्याचा उपयोग नाही.

आता सहावी परीक्षा, आणि ती बाणाची नसून मुलाची आहे. बाण झिजला नाही, तरी मूल वाढते. मागील वर्षी पुरणारा बाण यंदा आखूड होतो. आखूड बाण पूर्ण ताणल्यावर त्याचे टोक धनुष्याच्या आत येते, बाण टेकूवरून घसरतो आणि दोरी सुटली की तो स्वतःच्याच हातात शिरतो. एकलव्याचा अंगठा गुरूने मागून घेतला, ही कथा आपण मुलांस सांगतो. आपल्या दुर्लक्षाने कोणा मुलाचा अंगठा न मागता जाऊ नये. यासाठी उन्हाळ्याच्या सुटीनंतर शाळा उघडताच आणि पुन्हा दिवाळीच्या सुटीनंतर प्रत्येक मुलाचे माप घ्यावे. मुलाने बाणाची खाच छातीच्या मधोमध टेकवावी, दोन्ही हात समोर ताठ करून तळव्यांमध्ये बाण धरावा. बोटांच्या टोकांपुढे बाण निदान दोन इंच आला पाहिजे. वाढत्या मुलास त्याहून थोडा अधिक असला तर उत्तम. आखूड झालेला बाण धडका असेल, तर तो लहान मुलास द्यावा, मोठ्या मुलाच्या भात्यातून मात्र त्याच दिवशी काढावा.

या परीक्षांस किती वेळ लागतो? सरावास आरंभ करण्यापूर्वी एका बाणास अर्धे मिनिट. त्याखेरीज बाण दगडास, लाकडी चौकटीस किंवा दुसऱ्या बाणास लागला, तर पुन्हा एकदा. बाण उपटताना एक हात लक्ष्यावर टेकवून दुसऱ्या हाताने टोकाजवळ धरून सरळ मागे ओढावा, आणि मागे कोणी उभे नसल्याची खात्री करावी. हलवून हलवून उपटलेला बाण लवकर मरतो. मुलांस हे एकदा नीट दाखविले, की ती आपणांहून दक्ष होतात.

यात केवळ सुरक्षेचाच प्रश्न नाही, शिक्षणाचाही आहे. वाकडा बाण भलतीकडे जातो. मुलास वाटते, चूक आपली. ते आपला खांदा फिरविते, मनगट वळविते आणि वाकड्या बाणाच्या सोईसाठी चुकीची सवय लावून घेते. पुढे सरळ बाण हाती आला तरी ती सवय जात नाही. आपण वर्गातही पुष्कळदा असेच करतो. चष्म्याचा नंबर असलेल्या मुलास फळ्यावरचे दिसत नाही आणि आपण त्यास मंद ठरवितो. साधनाचा दोष मुलाच्या माथी मारू नये, हे सूत्र दोन्हीकडे सारखेच लागू आहे. याकरिता प्रत्येक बाणावर क्रमांक घालावा आणि कोणता क्रमांक कोठे लागला, हे एका मुलास वहीत टिपावयास सांगावे. निरनिराळे बाण इकडेतिकडे जात असतील, तर नेम सुधारावयास हवा. एकच क्रमांक फेरीमागून फेरी समूहापासून दूर पडत असेल, तर तो बाण तपासावा. पाचवीच्या मुलांसाठी याहून चांगला सांख्यिकीचा पाठ मला तरी सुचत नाही.

साठवणीविषयी दोन शब्द. बाण कोपऱ्यात भिंतीस टेकवून ठेवू नयेत, ते वाकतात. फळीस छिद्रे पाडून त्यांत उभे ठेवावेत किंवा आडवे सपाट ठेवावेत. पावसाळ्यात भिजलेला बाण सावलीत पुसून वाळवावा. आपल्या विदर्भात मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत त्या उन्हाने डिंक सुटतो, टोके ढिली होतात. सुटीपूर्वी बाण थंड खोलीत हलवावेत आणि जूनमध्ये एकही बाण तपासल्यावाचून मुलाच्या हाती देऊ नये.

आता आपल्या सर्वांच्या मनात असलेल्या अडचणीकडे येतो. जडवस्तू नोंदवहीत बाण चोवीस लिहिलेले असतात. तपासणीस कोणी आले आणि अठराच निघाले तर काय, या भीतीने आपण मोडके सहा बाणही चांगल्या बाणांसोबत ठेवतो. घाईच्या दिवशी मुलाच्या हाती नेमका त्यांतलाच एक येतो. माझ्या शाळेतील तो बाण असाच राहिला होता, हे मी आपणांपासून लपवीत नाही. यावर उपाय आहे. निकामी बाणाचा क्रमांक, तारीख आणि कारण एका वहीत त्याच दिवशी लिहावे. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढील सभेत ते बाण प्रत्यक्ष दाखवून ठराव करावा आणि निर्लेखनाचा प्रस्ताव रीतीप्रमाणे पाठवावा. तोवर ते बाण वेगळ्या पिशवीत, कुलपात ठेवावेत. नव्या बाणांसाठी मागणी करण्यात संकोच नको. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात खेळाचे साहित्य हे शाळेच्या आवश्यक गोष्टींत गणले आहे, आणि २०१८ मध्ये आरंभ झालेल्या समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेस पाच हजार व उच्च प्राथमिक शाळेस दहा हजार रुपयांपर्यंत क्रीडासाहित्याची तरतूद ठेवलेली होती. सहा बाण चांगले असणे हे चोवीस बाण कागदावर असण्याहून केव्हाही श्रेयस्कर.

निर्लेखन झाल्यावर निकामी बाण मुलांसमोर मोडावा. टाकून दिलेला धडका दिसणारा बाण कोणीतरी उचलतो आणि तो पुन्हा खेळात येतो, हा अनुभव आहे. मोडून, टोक काढून, कडा घासून बांबूचे तुकडे केले, तर पहिलीच्या मुलांस दशक-एकक शिकविण्यास त्यांच्या काड्या होतात. ज्या बाणाने नेम शिकविला, तोच पुढे गणती शिकवितो, आणि आपल्या काटकसरीचाही मान राहतो.

शेवटी एक आठवण देतो. अर्जुनास खांडववनाच्या प्रसंगी अक्षय भाते मिळाले, ज्यांतील बाण कधी संपत नसत. परंतु महाप्रस्थानाच्या वेळी अग्नीने सांगितल्यावर त्याने गांडीव आणि ते अक्षय भातेही पाण्यात सोडून दिले. ज्याचे बाण संपत नव्हते, त्यालाही ते खाली ठेवण्याची वेळ ओळखावी लागली. आपल्या शाळेचा भाता तर अक्षय नाहीच. तेव्हा उद्या शाळेत गेल्यावर कपाट उघडा, प्रत्येक बाण एकदा हाती घ्या, आणि एखादे मूल ‘गुरुजी, हा बाण कुरकुरते’ असे म्हणाले, तर स्पर्धा उद्यावर असली तरी त्याचे ऐका.

माझ्या त्या विद्यार्थ्याचा हात बरा झाला. आजही तो भेटतो तेव्हा हसून नमस्कार करतो, आणि जोडलेल्या हातांवरील तो व्रण मला दिसतो. आपणांपैकी कोणासही असा व्रण पाहावा लागू नये, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.